रोज एक फोटो, पण काढायचा कशाचा?

वाचकाचं पत्र:

«१ जानेवारीपासून वर्षभर रोज एक फोटो काढायचा असं ठरवलं. उत्तरायणापर्यंत मजा आली. मग चहाचा कप, आकाश, गच्चीवरची मांजर, पुन्हा चहाचा कप. फेब्रुवारीत सलग सहा दिवस राहिले. नोकरी अलकापुरीत, घर दांडिया बाजारात. घरी पोचेपर्यंत सात वाजतात, उजेड संपलेला असतो. फोनची ६४ जीबी जागा भरली. मुलगा म्हणतो, ‘आई, डीएसएलआर कॅमेरा घे, फोनमध्ये काय ठेवलंय!’ खंडेराव मार्केटात एका भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला, तर त्या चिडल्या. आता १ मार्चपासून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू, की सोडून देऊ? नुसते ३६५ आकडे भरायचे नाहीत, फोटो चांगले यावेत अशी इच्छा आहे.»
एक वाचक, वडोदरा

ताई, सोडू नका. आणि पहिल्यापासून सुरू तर मुळीच करू नका.

राहिलेले सहा दिवस राहू द्या. पुन्हा १ तारखेपासून मोजायला लागणाऱ्यांकडे दोन-तीन वर्षांचे जानेवारी जमतात, श्रावण मात्र एकदाही येत नाही. अमेरिकेतले छायाचित्रकार कार्ल बेडन यांनी २३ फेब्रुवारी १९८७ पासून रोज स्वतःच्या चेहऱ्याचा एक फोटो काढायला घेतला. १९९१ मध्ये त्यांचा एक दिवस राहिला. म्हणून त्यांनी मोजणी शून्यावर आणली नाही, काम पुढे चालू ठेवलं. तुम्हीही तसंच करा. राहिलेल्या दिवसासाठी दुसऱ्या दिवशी दोन फोटो काढायचे नाहीत आणि गॅलरीतला जुना फोटो त्या तारखेला चिकटवायचा नाही. दिवस कधी संपतो हेही आत्ताच ठरवून टाका. रात्री बाराचा नियम नवरात्रात मोडतोच, म्हणून ‘झोपेपर्यंत तोच दिवस’ हा नियम बरा पडतो.

आता मूळ दुखणं. विषय संपले असं तुम्हाला वाटतंय, पण पत्रावरून तसं दिसत नाही. तुमच्या दिवसात फोटोची वेळ ठरलेली नाही. दिवसभर तो मनात येत नाही, रात्री साडेदहाला ‘आजचा राहिला’ म्हणून आठवतो, आणि त्या वेळी समोर असतो तो कप किंवा मांजर. वर रोज संध्याकाळी नवा विषय शोधण्याचं काम शून्यापासून करावं लागतं. कोणीही दीड महिन्यात थकेल.

तेव्हा फोटो सकाळवर आणा. ऑफिसला निघण्याआधीची किंवा जाता-जाताची दहा मिनिटं त्यासाठी बाजूला काढा. वडोदऱ्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य संध्याकाळी सहाच्या आत मावळतो, जूनअखेरीस साडेसातच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळवर विसंबलात, तर हिवाळ्यातले तीन-चार महिने हातचे जातात. सकाळचं तसं नाही. डिसेंबरात सव्वासातपर्यंत आणि जूनमध्ये सहाच्या आत ऊन येतं, आणि निघायच्या वेळी ते तुमच्या गल्लीत असतंच. संध्याकाळी काही चांगलं दिसलं तर तेही जरूर घ्या आणि रात्री दोन्हींतला एक ठेवा. पण सकाळचा फोटो हातात असला, की रात्रीची धावपळ उरत नाही.

दुसरं म्हणजे महिनाभर एकच विषय धरा. ‘आज लाल रंग, उद्या सावली, परवा पाऊलवाट’ अशा तयार याद्या बऱ्याच मिळतात. आमच्या मते त्या नवशिक्याला उपयोगाच्या नाहीत. रोज विषय बदलला, की कालच्या चुकीचा आज काही उपयोग होत नाही. एकच गोष्ट तीस दिवस काढलीत, तर चौथ्या दिवशी कळतं की ऊन डावीकडून आलं तर बरं, नवव्या दिवशी कळतं की अजून दोन पावलं पुढे जायला हवं होतं. कंटाळा येईल, साधारण दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा विषय बदलू नका, उभं राहायची जागा बदला. खाली बसा, पायरीवर चढा, फोन उभ्याचा आडवा करा. वडोदऱ्यातच राहणारे चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी दशकानुदशकं खेड्यापाड्यांत जाऊन भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, बायकांच्या हातावरचं गोंदण यांचे फोटो काढले. विषय मोजकेच, पण ते पुन्हा पुन्हा पाहिलेले. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो कुठे पाहायला मिळाले तर ते कुठे उभे राहिले असतील याचा अंदाज बांधून बघा.

मार्चसाठी घर ते बसस्टॉप एवढा पट्टा घ्या आणि त्यातल्या जुन्या लाकडी खिडक्या, सज्जे, कोरीव तुळया यांच्यापैकी रोज एक. कोरीव कामाला समोरून ऊन असेल तर ते सपाट दिसतं, कारण नक्षीच्या खळग्यांत सावलीच पडत नाही. ऊन भिंतीला जवळजवळ घासून, तिरकं जात असेल तेव्हा प्रत्येक पाकळीला कड येते. एका भिंतीवर असं ऊन दिवसातून थोडाच वेळ असतं. पहिले तीन दिवस फोटो कामचलाऊ काढा, पण कोणत्या भिंतीवर किती वाजता तिरकं ऊन येतं ते वहीत लिहा. चौथ्या दिवसापासून त्या वेळापत्रकानं चाला. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं काढावीशी वाटली, तर आधी परवानगी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा.

शिवाय वर्षभरासाठी एक कायमची चौकट असू द्या, आठवड्यातून एकदा, रविवारी. सुरसागर तलावाचा कठडा जवळच आहे, तिथली एक जागा ठरवा. वर्षात सूर्योदयाची जागा क्षितिजावर किती सरकते याची बहुतेकांना कल्पना नसते. आपल्या अक्षांशावर जून ते डिसेंबर ती सुमारे ५० अंश सरकते. हात ताठ पुढे धरून मूठ वळली तर एक मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे पाच मुठी. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबारा ते पावणेएकच्या दरम्यान सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाखालीच राहते. पुन्हा ते घडतं जुलैच्या ९-१० तारखेच्या आसपास, पण तेव्हा ढग असण्याचीच शक्यता जास्त. ही चौकट जुळावी म्हणून चार गोष्टी पाळा: उभं राहायची फरशी किंवा खांब ठरलेला, फोन हनुवटीच्या उंचीवर, झूम कायम १ वर, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधल्या ग्रिडच्या (पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेषांच्या) एका छेदावर दर वेळी तीच खूण, समजा मधल्या शिवमूर्तीचं मस्तक. एकदा आडवा, एकदा उभा, एकदा झूम करून असं झालं, तर वर्षाच्या शेवटी ते ५२ फोटो एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत. या एकाच कारणाने बरेच असे उपक्रम वाया जातात.

पावसाळ्यात विश्वामित्री भरली, की फोटो काढावासा वाटणारच. काळाघोडा पुलावरून काढा, पण काठावर उतरू नका. नदीत मगरी आहेत आणि पाणी चढल्यावर त्या काठावर कुठेही येतात.

आता तुमच्या चहाच्या कपाबद्दल. तो विषय वाईट नाही, तो रात्री ट्यूबलाइटखाली काढला जातो हे वाईट. वरून पडणाऱ्या उजेडात कप, बशी, ओटा सगळं एकाच पातळीवर येतं. सकाळी ट्यूब बंद करून कप खिडकीपासून दोन फुटांच्या आत ठेवा. ट्यूब चालू राहिली तर एका बाजूला पिवळट-हिरवट आणि दुसऱ्या बाजूला निळसर असे दोन रंग मिसळतात, ते नंतर दुरुस्त होत नाहीत. खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं उभं राहा, खिडकीकडे पाठ करून नको. कपाच्या कडेवर बोट दाबून धरा. फोनवर ‘एई/एएफ लॉक’ किंवा कुलपाचं चिन्ह आलं, की शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा, कपाच्या पांढऱ्या कडेत बारीक छटा दिसू लागेपर्यंत. वाफ यायला हवी असेल, तर उजेड बाजूने किंवा मागून हवा आणि वाफेच्या मागे काळोख हवा. आतल्या अंधाऱ्या खोलीचं उघडं दार मागे आलं तर काम झालं. पांढऱ्या टाइल्ससमोर वाफ कधीच दिसत नाही. चहा ओतल्यावर एका मिनिटाच्या आत फोटो घ्या. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड इथे बंद ठेवा, कारण तो वाफेची कड आणि कपाचा कान चुकीचा कापतो. हे सगळं सात-आठ सकाळी करून बघा, आणि मग त्या कपाला नावं ठेवा.

रंगाचीही एक गोची सांगायला हवी, कारण बाजारात ती रोज भेटते. झेंडूचा ढीग डोळ्यांना भरगच्च दिसतो, पण फोटोत केशरी चिखल येतो आणि पाकळ्या नाहीशा होतात. फोन रंग आधीच भडक करतो, त्यात उन्हातल्या केशरी फुलांचा लाल भाग इतका भरतो, की त्यात तपशील उरत नाही. उपाय तोच: फुलावर बोट ठेवून उजेड खाली ओढा, किंवा फोनमध्ये प्रो मोड (सगळं हाताने ठरवायची सोय) असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे ०.७ करा, आणि उन्हापेक्षा ताडपत्रीच्या सावलीतला ढीग निवडा. मिरची, कुंकू, लाल शालू यांनाही हेच लागू. संध्याकाळच्या आकाशाचं उलट होतं. फोन सावल्या उजळून तिन्हीसांजेची दुपार करतो. तिथेही उजेड हाताने कमी करावा लागतो.

घरात एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील, तर फोन बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर, म्हणजे एका फोटोसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, त्याहून खूप जलद असेल तर तो फरक पट्ट्यांच्या रूपात उमटतो. प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, पट्टे जातील. पण १/५० ला हात हलला तर चित्र पुसट येतं, म्हणून कोपर अंगाला चिकटवा किंवा दाराच्या चौकटीला टेका.

नवरात्र अजून लांब आहे, तरी गरब्यासाठी एवढं आत्ताच लिहून ठेवा. गिरकी जागच्या जागी थांबवायची असेल तर शटर १/२५०, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० च्या आसपास. घागऱ्याचा घेर वाहता दिसायला हवा असेल तर १/१५ ते १/८, पण तेव्हा गोल तुमच्यासमोरून आडवा जात असला पाहिजे. तुमच्याकडे येणारी माणसं त्या वेगाला नुसती फिसकटतात. नाइट मोड गरब्याला निरुपयोगी, कारण तो दोन-तीन सेकंदांत काढलेले अनेक फोटो एकत्र करतो आणि हलणाऱ्या माणसांची भुतं होतात. स्थिर दिव्यांसाठी, रिकाम्या गल्लीसाठी तो उत्तम आहे. पुढच्या उत्तरायणालाही एक अडचण नक्की येईल: मोकळ्या आकाशात फोनला फोकस सापडत नाही. आधी लांबच्या गच्चीवर फोकस लॉक करायचा आणि मग फोन पतंगाकडे वळवायचा.

आणि लेन्स पुसा. रात्रीच्या फोटोत दिव्यांपासून निघणारे तिरके फराटे, दुपारच्या फोटोवरचा दुधाळ पडदा, यातलं बरंचसं बोटांच्या तेलामुळे असतं. पदराने पुसू नका, तेल फक्त पसरतं. चष्म्याचं कापड पर्समध्ये ठेवा. पावसाळ्यात एसी ऑफिसातून बाहेर आल्या-आल्या लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, पुन्हा धरते. दहा-पंधरा मिनिटं फोन हातात, पर्सच्या बाहेर राहू द्या.

खंडेराव मार्केटातल्या मावशी चिडल्या ते त्यांच्या जागी बरोबर होतं. सकाळी सहापासून बसलेल्या बाईला कोणी न विचारता फोन रोखून धरला, तर तिने काय समजावं? तिथे तुम्ही भाजी घेताच, तर आधी भाजी घ्या, पैसे द्या, मग ‘मावशी, एक फोटो काढू का?’ (गुजरातीत विचारलंत तर आणखी बरं.) नाही म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर दोनच काढा आणि लगेच दाखवा. पुढच्या आठवड्यात ४×६ इंचाचा प्रिंट नेऊन द्या. मग त्या ओळीतल्या बाकीच्याही बसतील. लहान मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नकोत, आणि गरब्यातल्या अनोळखी मुलींचे जवळून घेतलेले फोटो कुठे टाकायचे तर नकोतच. लष्करी छावणीच्या हद्दीत फोटो काढायला मनाई असते, पाटी वाचून फोन खिशात ठेवा.

कॅमेरा या वर्षी घेऊ नका. मुलाचं म्हणणं चुकीचं नाही. झाडावरचा पक्षी, लांबचा पतंग, कमी उजेडात हलणारी माणसं यांना मोठा कॅमेरा लागतो. पण रोजच्या फोटोत तो कार्ड काढणं, फोटो उतरवणं, बॅटरी भरणं अशी तीन कामं रोज वाढवतो, आणि ऑफिसच्या पर्समध्ये मावत नसल्याने घरीच राहतो. डिसेंबरपर्यंत ‘हे फोनला जमलं नाही’ अशा फोटोंची वहीत यादी करा. ती यादीच सांगेल कॅमेरा हवा की नको, आणि हवा तर कोणती लेन्स.

जागेचा हिशोब सोपा आहे. फोनचा एक फोटो साधारण ४ एमबीचा. निवडलेले ३६५ धरले तर दीड जीबीसुद्धा होत नाही. पण रोज वीस काढून वीसही ठेवले, तर वर्षाला २९ जीबी. म्हणजे जागा खातात ते न निवडलेले. अमेरिकेतले जेमी लिव्हिंग्स्टन ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत, रोज एक पोलरॉइड (कॅमेऱ्यातूनच लगेच छापून निघणारा फोटो) काढत होते. एका दिवसाला एकच. तुम्ही पाचापर्यंत काढा, पण रात्री दात घासायच्या आधी त्यातला एक निवडा आणि बाकीचे तिथेच पुसून टाका. ‘रविवारी बघू’ म्हटलं की पस्तीस फोटो साचतात आणि निवड कधीच होत नाही. निवडताना हललेले आधी काढा. मग ज्यात नजर दोन ठिकाणी ओढली जाते तो काढा. उरलेल्यात जो कालच्यासारखा नाही तो ठेवा. फाइलला नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, २०२६-०३-०५ असं, म्हणजे सगळे आपोआप ओळीत लागतात. वहीत तारखेपुढे एक ओळ लिहा: कुठे, किती वाजता, कोण, काय चुकलं.

प्रती तीन ठेवा: फोनमध्ये, पेनड्राइव्हवर, आणि ऑनलाइन. गुगल फोटोजमध्ये १५ जीबी फुकट मिळते, पण ती जीमेल आणि ड्राइव्ह मिळून असते. एका गोष्टीला जपा. फोनमध्ये जागा करायची म्हणून त्या अ‍ॅपमधून फोटो पुसला, तर तो ऑनलाइनचाही जातो. फक्त फोनमधून काढायचा असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवून ठेवणं म्हणजे जतन करणं नव्हे. तिथे फोटो लहान होतो आणि काढल्याची तारीख-वेळही निघून जाते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

छापायचं वर्षाच्या शेवटी ठेवू नका, महिन्याला एक ताव छापा. १२×१८ इंचाचा कागद आडवा धरायचा, दिनदर्शिकेसारखे सात स्तंभ आणि सहा ओळी, प्रत्येक फोटो २.४×१.८ इंच. फोनचा ४:३ फोटो त्यात न कापता बसतो. राहिलेल्या तारखेचा चौकोन कोरा सोडा. जानेवारी आणि फेब्रुवारीचे दोन ताव आत्ताच करून घ्या. ते भिंतीवर शेजारी लावले, की किती फोटो वरून काढलेत, किती एकाच अंतरावरून, कुठल्या आठवड्यात रात्रीचेच आहेत, हे फोनच्या पडद्यावर कधी दिसत नाही ते लगेच दिसतं. मात्र छापील फोटो पडद्यापेक्षा गडद येतो, कारण पडदा स्वतः उजळतो आणि कागद उजळत नाही. म्हणून लॅबमध्ये आधी तीनच फोटो ४×६ मध्ये काढून बघा: एक रात्रीचा, एक उन्हातला, एक पांढऱ्या भिंतीचा. पांढरी भिंत राखाडी आली तर सगळा ताव थोडा उजळून द्या. रात्रीच्या फोटोत नुसता काळा ठोकळा आला तर तो एकच फोटो उजळा, आणि मगच पूर्ण ताव छापायला टाका.